दादाचा डाग

मांजर. झाकणावर छापलेलं, टोपलीत बसलेलं, गळ्यात निळी फीत, आणि डाव्या डोळ्याच्या जागी ड्रिलनं पाडलेलं भोक — भोकात एक लाल दिवा, आत्ता विझलेला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. ह्याच्या आत व्हिडिओ गेमचं मशीन आहे हे सांगितल्याशिवाय कुणाच्या लक्षात यायचं नाही, आणि सांगितल्यावर तर कुणाला पटायचंच नाही.

"वहिनी, तुम्ही निर्धास्त जा," असं तो म्हणाला होता, खुर्चीत जरा मागे रेलून. "माणसानं बनवलेली अशी एक वस्तू दाखवा, जी मी उघडू शकत नाही. आणि उघडली की अशी बंद करीन, की बनवणाऱ्यालासुद्धा कळायचं नाही कुणी हात लावला होता."

बनवणाऱ्याला... वाक्य तोंडातून निघून गेल्यावर त्याला ते ऐकू आलं. पण वहिनी तोवर दुकानाची पायरी उतरल्या होत्या, आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारून वाक्य परत मागता येत नाही.

त्यानं झाकणाखाली नखं घातली. झाकण हललं नाही. लोकांनी आत डोकावू नये म्हणून कंपन्या तीन पाकळ्यांचे, पाच पाकळ्यांचे, मधोमध खुंटी असलेले, कसले कसले स्क्रू लावतात, आणि त्या प्रत्येकाचा स्क्रूड्रायव्हर ह्याच्या भिंतीवर ओळीनं टांगलेला; गोंद वितळवायला गरम हवेची बंदूक, काच उचलायला रबराच्या वाट्या — आणि बिस्किटांच्या डब्यापुढे हे सगळं शस्त्रागार मान खाली घालून उभं. शेवटी लहानपणी उघडायचो तसं, चहाच्या चमच्याचा दांडा घालून त्यानं एका बाजूनं उचकटलं, तेव्हा झाकण एकदम निघालं, उडालं, टेबलाखाली गेलं आणि जाता जाता अंगठा कापून गेलं. उघडलं की नाही? बोललो होतो.

अंगठ्याला त्यानं वायरवर लावायची काळी पट्टी गुंडाळली. दादा असता तर म्हणाला असता, चला, निदान शॉक तरी लागणार नाही.

सकाळी वहिनींना तक्रार थोडक्यात सांगता येत नव्हती, म्हणजे त्या फार नीट सांगत होत्या. "परवापासून पेटत नाहीये हो भाऊजी. रोजच्यासारखी चापट मारली. डावीकडून मारली, उजवीकडून मारली, हे मारायचे तशी उताणी मारली... शेवटी शेजारीण दार वाजवून विचारायला लागली, कुणाला मारताय?"

"मग काय सांगितलंत?"

"म्हटलं, मांजराला. तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी."

तो हसला होता, आणि वहिनीही जरा हसल्या होत्या, आणि मग त्यांनी डब्यावरचा हात न काढता सांगितलं, "नुसता चालू करून द्या. पण आतलं ह्यांचं काही बदलू नका हं. ह्यांनी जसं लावलंय तसंच राहू दे. वेडंवाकडं असलं तरी." — हे शेवटचं वाक्य त्या त्याच्याकडे बघून म्हणाल्या नव्हत्या, भिंतीवरच्या स्क्रूड्रायव्हरांकडे बघून म्हणाल्या होत्या.

खेळता का रोज, असं त्यानं विचारलं होतं, उगीच, गिऱ्हाइकाला विचारतात तसं. ह्याच वहिनी पूर्वी दोघा भावांना म्हणायच्या, मिशा पिकायला आल्या आणि अजून बटणं दाबताय. तर म्हणाल्या, "संध्याकाळी एक डाव. तो बुटका शिडीवरून बादल्या नेतो ना, तोच. दोघांचा लावते. सवय झालीये. माझा झाला की ह्यांच्या बुटक्याची पाळी येते. तो नुसता उभा राहतो शिडीखाली. वरून बादली पडते, मरतो. परत उभा राहतो. त्याचे तिन्ही जीव जाईपर्यंत थांबावं लागतं, त्याशिवाय परत माझी पाळी येत नाही."

"एकट्याचाही लावता येतो वहिनी. सुरुवातीला वरचं बटण दाबायचं."

"माहितीये मला," वहिनी म्हणाल्या.

आता डबा उघडा पुढ्यात. आत कुठल्यातरी जुन्या मशीनचा बोर्ड, खाली बिस्किटांचाच सोनेरी कागद अंथरलेला — पुठ्ठा अंथरावा, रबर अंथरावं, तर कागद, तोही चकचकीत, वीज वाहून नेणारा. आग लागली नाही हे ह्या घराचं नशीब — आणि मागच्या बाजूला वीज आत येते तिथे, लाल वायरच्या टोकाला... तो. आला. दिसला. भिंग डोळ्यावर ओढण्याआधीच त्यानं ओळखला, लांबून चालीवरून माणूस ओळखावा तसा.

दादाचा डाग.

बाकी सगळं जग सोल्डर म्हणतं. पण आई भांडी गळायला लागली की म्हणायची, डाग देऊन आण, आणि गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या म्हाताऱ्याकडे पातेलं घेऊन दोघांना पिटाळायची — तो म्हातारा तापलेली सळई टेकवून चांदीसारखा थेंब सोडायचा आणि दोघे भाऊ श्वास रोखून बघायचे — म्हणून ह्यांच्या घरात तो डागच राहिला. दुकान टाकल्यावरही. गिऱ्हाईक दचकायचं: डाग पडलाय? नाही साहेब, डाग सुटलाय. डाग द्यावा लागेल. असं कसं, कपडा आहे का तो?

आणि दादाचे डाग! देवा. चांगला डाग कसा असावा, तर लहानसा, चमकता, कडेला उतरत गेलेला, कान टोचल्यावर घालतात त्या बुंदक्यासारखा. दादाचा म्हणजे बकरीची लेंडी. गोल, करडी, फुगलेली, वर शेपूट निघालेलं. कारण दादाला बोलल्याशिवाय डाग देता यायचा नाही. इस्त्रीसारखी ती तापलेली सळई एका हातात, दुसऱ्या हातात चहा, समोर गिऱ्हाईक, आणि तोंडात गोष्ट. गोष्ट रंगात आली की हात हलायचा. हात हलला की लेंडी. "घ्या, झालं," म्हणून दादा मशीन बाजूला सारायचा, आणि पाठीला पाठ लावून बसलेला धाकटा भाऊ ते मुकाट्यानं ओढून घ्यायचा, तापवायचा, स्प्रिंगच्या पंपानं वितळलेली लेंडी ओढून काढायचा, ठक्, आणि नवा बुंदका. दादाला माहीत होतं. चहावरून परत आला की विचारायचा, "काय सोनार, धुतलेस का माझे डाग?"

"धुतले."

"सोनार कसला, परीट आहेस तू."

किती वर्षं. ह्या गावातल्या घराघरात, टीव्हीखाली, पलंगाखाली, माळ्यावर, दादाच्या हातून गेलेली मशीनं पडली आहेत, आणि त्यातल्या एकातही दादा नाही. मी काढला. एकेक करून, चांगल्या हेतूनं, लोकांची मशीनं जळू नयेत म्हणून — आपल्या सख्ख्या भावाला गावभरातून धुऊन काढला आणि वर गॅरंटी दिली. फक्त हा डबा सुटला. हा त्यानं सुट्टीच्या दिवशी जेवायच्या टेबलावर बसून बनवला, वहिनींसाठी, आणि दुकानात कधी आणलाच नाही. "आणला तर तू धुशील," म्हणाला.

भिंगाखाली तो डाग डोंगराएवढा झाला. एका बाजूला हवेचा फोड फुटून झालेलं विवर. पायथ्याशी तपकिरी राळ. आणि मधोमध, अर्धा बुडालेला, अर्धा वर, करपलेला — त्यानं श्वास रोखला — बिस्किटाचा कण. दादा बिस्किट खात होता. साहजिकच. डबा रिकामा केल्याशिवाय कसा वापरणार.

हा एकटाच शिल्लक. हात लावायचा नाही. त्यानं हे स्वतःला मोठ्यानं सांगितलं, "हात लावायचा नाही," आणि सळई तापत ठेवली, कारण सकाळी दुकानात आल्यावर सळई तापत ठेवायचीच असते.

मग तो बाकीचं तपासत बसला. बटण ठीक. दिव्याची वायर ठीक. कॅसेट बसायची खाच ब्रशनं साफ केली, तिथून मुंग्यांचं एक पूर्ण कुटुंब निघालं, त्यांना कागदावर घेऊन बाहेर सोडलं. बोर्ड ठीक. सगळं ठीक आणि मशीन मेलेलं — म्हणजे उरलं कोण? तो पुन्हा त्या लेंडीकडे बघायला लागला. बघ दादा, तूच आहेस. माझा डाग सुटत नाही रे, तुझी नजर सुटते, दादा म्हणाला असता. अरे, आतून तडकला असेल, वरून काय दिसतंय. तडकला तर तडकला, चापट कशाला आहे मग?... आणि त्याला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नव्हता. आयुष्यभर ह्या दुकानात बिघाडाचं उत्तर दादा हेच होतं, आणि कितीतरी दिवसांनी आज परत उत्तर दादा येत होतं. कुणी परगावाहून यावं तसं.

फोन वाजला. वकीलसाहेब. ह्यांच्या खेळातला माणूस आपोआप डावीकडे चालत जातो ही त्यांची जुनी तक्रार, आणि ती ते कोर्टात मांडल्यासारखी मांडतात. "मी काहीही करत नाही, लक्षात घ्या. माझे दोन्ही हात वर आहेत. आणि तरीही तो डावीकडे निघालाय. आत्ता, ह्या क्षणी, तो नदीत पडला."

"दांडी झिजलीये साहेब. आणून द्या." फोन कान आणि खांद्याच्या मधे धरलेला.

"मागच्या वेळी आपण म्हणालात, धूळ आहे."

"तेव्हा धूळ होती. आता झिजलीये."

"म्हणजे आपण जबाब बदलताय?"

"साहेब, मी असं म्हणतो..." आणि तो समजावत राहिला, दांडीखाली दोन छोट्या पट्ट्या असतात, त्यांच्यावरून घासून घासून, हे त्यानं इतक्या वेळा समजावलंय की तोंडाला आता त्याची गरज लागत नाही, तोंड आपलं आपण समजावतं आणि तो दुसरीकडे असतो, आज तर तो कुठे होता, जेवायच्या त्या टेबलाशी, वहिनी ओरडत होत्या की टेबलावर चटका पडेल, आणि दादा सांगत होता, पडू दे, नंतर आपण दाखवू लोकांना... ठक्.

पंपाचा आवाज. स्प्रिंग सुटल्याचा. दिवसातून कितीदा ऐकतो तो. हा कानात शिरला आणि तिथेच उभा राहिला.

भानावर आला तोवर समोर लाल वायर. वायरच्या टोकाला एक लहानसा, चमकता, कडेला उतरत गेलेला बुंदका. आयुष्यातला बहुधा सगळ्यात सुरेख. तो स्वतः त्याच्यावर फुंकर मारत होता.

"हॅलो?" खांद्यातून वकीलसाहेब. "हॅलो? मग तोवर मी काय करू?"

"उजवीकडे दाबून धरा," तो म्हणाला.

फोन खाली ठेवला की नुसता सुटला हे त्याला नंतर आठवेना. हात मांडीवर ठेवून तो त्यांच्याकडे बघत बसला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? अंगठ्याला काळी पट्टी, बाकी निर्दोष. त्यांची तरी काय चूक. दादाचा डाग दिसला, धुतला. इतकी वर्षं हेच तर शिकवलं.

रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्याऐवजी त्याच्या मनात एक क्षुद्र विचार आला, की निदान मशीन तरी चालू होईल, आणि ह्या विचाराला धरून तो उठला, वहिनींनी आणलेला अडॅप्टर प्लगला लावला, वायर डब्याला जोडली, बटण दाबलं.

मांजराचा डोळा पेटला नाही.

पुन्हा दाबलं. चापट मारली. उताणी मारली. मग उभ्या उभ्या त्यानं ते केलं जे कालच शिकायला लागलेला माणूसही सगळ्यात आधी करतो, जे दुकानाच्या दारावर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून लावलंय — मशीन आणण्यापूर्वी अडॅप्टर तपासा — मीटरची टोकं अडॅप्टरच्या टोकाला लावली. शून्य. वायर हातात घेऊन चाचपली. वहिनी खेळून झाल्यावर ती डब्याभोवती घट्ट गुंडाळून ठेवतात, नीटनेटकी, कपाळाला पट्टी बांधावी तशी. एका वळणापाशी ती आत तुटली होती. वरून काही दिसत नव्हतं.

डाग तडकला नव्हता. डागाला काहीसुद्धा झालं नव्हतं. दादाचा आयुष्यातला एकमेव निर्दोष डाग, आणि ह्या सोनारानं...

दुसरा अडॅप्टर लावला. डोळा पेटला. लगेच. चापट न मारता.

म्हणजे आता वहिनी संध्याकाळी येतील, घरी जातील, बटण दाबतील, हात उगारतील — आणि हात वरच्या वर राहील. डबा आधीच पेटलेला असेल. आणि त्यांना कळेल. ह्यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार कुणी कुणाला, की ह्यांचं होतं ते गेलं.

तेव्हा मग लेंडी घालायची. त्यात काय अवघड आहे? मी सोनार, मला बुंदका येतो, लेंडी येणार नाही? त्यानं आपला सुरेख डाग काढला आणि बसला. पहिला डाग — बुंदका. जास्त सोल्डर घातलं — मोठा बुंदका. सळई गार होऊ दिली, अर्धवट तापलेली टेकवली. मनगटानं आपोआप दाब वाढवला, वेळ वाढवला — बुंदका, थोडा मंद, पण सभ्य. डाव्या हातानं दिला. डावा हात इतकी वर्षं उजव्याकडे नुसता बघत होता असं वाटलं होतं, पण लबाड शिकत होता. डोळे मिटून दिला, तेव्हा टेबलाला चटका पडला आणि शेजारी, वायरवर, एक निखळ, देखणा बुंदका.

चहा. चहा राहिला. त्यानं टपरीवरून चहा आणवला, डाव्या हातात धरला. शर्टावर सांडला. बुंदका.

मग गोष्ट. अर्थात गोष्ट. गोष्टीशिवाय कसा होईल? दादाची एकच गोष्ट होती, आणि ती कुणालाच पुरी माहीत नव्हती, कारण शेवट यायच्या आधी दादालाच हसू यायचं, आणि ते आलं की सळई, चहा, गिऱ्हाईक सगळं हलायचं, आणि शेवट त्या हसण्यात बुडून जायचा. दवाखान्यातसुद्धा, छातीत दुखतंय म्हणून रांगेत बसला होता, तर शेजारच्या माणसाला हीच सांगत होता. तो माणूस नंतर पत्ता काढत दुकानात आला. बराच वेळ स्क्रूड्रायव्हर बघत उभा राहिला. मग म्हणाला, "माफ करा, पण त्या गोष्टीत पुढे काय होतं?" मला माहीत नाही, म्हणालो. त्याला वाटलं मी दुःखात आहे म्हणून सांगत नाही. परत येतो म्हणाला.

त्यानं सळई उचलली. चहा धरला. समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून घसा खाकरला.

"तर एक माणूस रेडिओ घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जातो," तो म्हणाला. आवाज फार लहान आला. दादाचा रस्त्यापर्यंत जायचा. त्यानं तो मोठा केला. "एक माणूस रेडिओ घेऊन दुरुस्तीवाल्याकडे जातो! म्हणतो, अहो, ह्यातला माणूस फार बोलतो. जरा कमी करून द्या. दुरुस्तीवाला म्हणतो, कमी करतो की. त्यात काय. पण —"

"कुणाशी बोलताय मास्तर?"

शेजारचा मोबाइलवाला. दारात उभा, मान आत.

"गिऱ्हाइकाशी."

मोबाइलवाल्यानं स्टुलाकडे पाहिलं. स्टुलाखाली पाहिलं. "गेलं वाटतं."

"फोनवर होतो."

"फोन खाली पडलाय तुमचा." तो आत आला, त्यानं फोन उचलून टेबलावर ठेवला. "तुमचा तो पंप द्या ना जरा. माझा तुंबलाय."

"नाही." हे इतकं जोरात आलं की दोघेही दचकले. पंप टेबलाच्या कडेला पडला होता. मघाशी त्यानं ओढून घेतलं ते सगळं त्याच्या पोटात होतं — आत्ता लक्षात आलं. कुठे जाणार होतं? दादाचा डाग पंपात होता. आत्ताच्या सगळ्या बुंदक्यांच्या खाली, पण होता. "म्हणजे... नंतर देतो. काम चाललंय."

"बरं बरं. ओरडताय काय." दाराशी जाऊन तो थांबला. "मग पुढे?"

"काय पुढे?"

"दुरुस्तीवाला म्हणतो, कमी करतो, पण?"

"जा रे तू."

तो गेला. सळई अजून हातात, चहा अजून हातात. पुरं करायला हवं होतं. "कमी करतो की," तो पुन्हा म्हणाला, हळू, आता स्टुलालाही नाही, "त्यात काय. पण त्याला विचारलंत का, की..." इथे. इथे दादा हसायचा. पाठीला पाठ लागलेली असायची, त्यामुळे ते हसणं आधी पाठीला कळायचं, मग कानाला. त्यानं तसं हसून बघितलं. जो आवाज निघाला तो हसण्याचा नव्हता. कुठून आला कळेना, पोटातून आला, आणि त्यानं खुर्ची हलली, टेबल हललं, चहा हलला, आणि बराच वेळ ते थांबेना. थांबलं तेव्हा डोळे पुसून त्यानं खाली पाहिलं.

लेंडी. गोल, करडी, फुगलेली, वर शेपूट. पायथ्याशी थोडा चहा.

भिंगाखाली ती त्यानं खूप वेळ पाहिली. दादाची नव्हती. शेपूट उजवीकडे वळलेलं, दादाचं डावीकडे वळायचं. आणि विवर नाही, बिस्किट नाही. पण माझीही नव्हती... मी असं कधी काही केलेलं नाही. मग कुणाची? बटण दाबलं. पेटलं नाही. चापट मारली, उताणी. पेटलं. मांजरानं लाल डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं.

वहिनी आल्या तेव्हा झाकण लावलेलं होतं, नवा अडॅप्टर सैल गुंडाळी करून वर ठेवलेला. "वायर तुटली होती आत," तो म्हणाला. "अडॅप्टरची. बाकी काही नव्हतं."

"बघा. आणि मी मांजराला मारत बसले." त्यांनी स्टुलावर बसून डबा मांडीवर घेतला, इथेच लावून बघते म्हणाल्या. बटण दाबलं. अंधार. तळवा उताणा करून मारलं. डोळा पेटला. पुन्हा बंद केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा मारलं, ह्या वेळी हळू, थोपटल्यासारखं. पेटला.

"ह्यांचं तसंच आहे ना?"

"तसंच आहे."

"काही बदललं नाहीत?"

"नाही वहिनी."

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. तोंडाकडे नाही, जरा बाजूला. मग म्हणाल्या, "हेसुद्धा कान खाजवायचे."

"कधी?"

"असंच. अधूनमधून." त्यांनी डब्याचं बटण बंद केलं. "लग्न ठरताना म्हणाले होते, मला गाता येतं. तेव्हा पहिल्यांदा खाजवताना बघितलं."

त्यानं हात कानावरून खाली घेतला. तो तिथे कधी गेला होता हे त्याला माहीत नव्हतं. आज हे हात फारच... त्याला वाटलं आता सांगावं, सगळं, वकीलसाहेब, बुंदका, चहा, सगळं, तोंड उघडलंसुद्धा. वहिनी उठल्या होत्या. "चला, कोपऱ्यापर्यंत येता का? ह्याला धरायला काही नाहीये, दर वेळी निसटतो हातातून."

तो डबा घेऊन बरोबर चालला. संध्याकाळचा उजेड होता, दुकानांचे दिवे अजून लागायचे होते. भाजीवाल्यापाशी वहिनी म्हणाल्या, "एक दिवस या ना खेळायला. दुसऱ्याची पाळी रिकामीच जाते." आणि लगेच, "नाही, राहू दे. तुम्ही खेळलात तर तो बुटका मरणार नाही लवकर. माझी पाळी यायला रात्र व्हायची." त्या हसल्या. तो हसला. कोपऱ्यावर त्यानं डबा त्यांच्या हातात दिला, तेव्हा दोन्ही हातांनी त्यांनी तो पोटाशी धरला, मांजराचं तोंड बाहेरच्या बाजूला करून, आणि वळून न बघता गेल्या. त्यांना कळलंय. नाही, कळलेलं नाही. कळलंय आणि त्यांनी ती लेंडी घेतली, हातात दिलेलं नाकारू नये म्हणून... किंवा कळलंय आणि त्यांना ती हवी आहे. ह्या तिसऱ्या शक्यतेपाशी तो रस्त्यात थांबला. मागून सायकलवाल्यानं घंटी वाजवली.

परत येताना त्याची पावलं भरभर पडायला लागली. पंप. आता निवांत दुकान लावून घ्यायचं, टेबलावर पांढरा कागद पसरायचा, पंप उघडून त्याच्या पोटातलं सगळं त्यावर झटकायचं, आणि भिंग लावून एकेक कण बघायचा. चमकते ते माझे. करडा तो त्याचा. आणि बिस्किटाचा तुकडा चिकटलेला सापडला तर मग प्रश्नच नाही. चिमट्यानं उचलायचा. एका छोट्या डबीत — कशात ठेवायचा ते नंतर बघू, आधी सापडू दे. करपलेलं बिस्किट नाहीसं होत नाही. सापडेल. इतकी वर्षं त्यानं दादाचा डाग काढायलाच पंप हातात घेतला होता. आज पहिल्यांदाच शोधायला घेणार होता, आणि ह्याची त्याला लाज वाटत नव्हती, पायात उलट कितीतरी दिवसांनी काहीतरी होतं, शाळा सुटल्यासारखं. आणि सापडला की वहिनींना सांगायचं. आजचं सगळं सांगायचं. हसत सांगायचं, दादासारखं.

टेबलावर पंप नव्हता.

"मास्तर!" मोबाइलवाला आपल्या दुकानातून हात पुसत आला. "तुम्ही नव्हता, म्हणून घेतला जरा. हा घ्या. काय अवस्था करून ठेवली होती हो, किती घाण साचली होती आत. सगळा उघडून धुतला. नळाखाली धरला, ब्रश मारला."

त्यानं पंप हातात घेतला.

पंप स्वच्छ होता. स्प्रिंगला तेलही घातलं होतं.